ठिपक्यांचा हिशेब

हल्ली घरगुती समारंभ कोणताही असो, त्यात दोन गोष्टी हटकून असतात. एक मसालेभात आणि दुसरी फोटोंची चित्रफीत. मुंज असो, साठीशांत असो, लग्न असो की आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन असो. जेवणाच्या आधी अर्धा तास दिवे मालवले जातात, घरातला एखादा भाचा लॅपटॉपपाशी वाकून काहीतरी खुडबुड करतो, सनईचे सूर उमटतात आणि पडद्यावर एकामागून एक माणसे येऊ लागतात. पहिल्या पाच मिनिटांत डोळे पुसले जातात. पुढच्या पाच मिनिटांत ते बारीक केले जातात. कारण पडद्यावर कोण आहे तेच नीट दिसत नसते!

"हा कोण रे?"

"अगं, दादाच तो."

"दादा कसा? दादाला तेव्हा मिशी होती."

"मिशीच आहे ती. अंधूक आली आहे एवढेच."

मग मंडळी प्रोजेक्टरला नावे ठेवतात, कार्यालयाच्या मालकाला ठेवतात आणि शेवटी त्या भाच्याला ठेवतात. तो बिचारा शपथेवर सांगत असतो, "मामा, फोनवर आरशासारखा स्वच्छ दिसत होता हो फोटो!" आणि मजेची गोष्ट अशी की तो खरेच सांगत असतो. फोटो फोनमध्ये स्वच्छ होता आणि पडद्यावर धुरकट झाला. मधल्या वाटेत त्याची रेखीवता कोणीतरी चोरली. हा चोर कोण, एवढाच आजचा विषय आहे.

कोणी म्हणेल, मराठीच्या मास्तराला या उठाठेवी कोणी सांगितल्या? पण मला विचाराल तर हा विषय मराठीच्या मास्तराचाच आहे. आमचा निम्मा जन्म जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांत जातो. छापखाने नव्हते तेव्हा ग्रंथ हाताने उतरून घेत. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर गळे, एखादा काना सुटे, एखादा शब्द न समजल्यामुळे त्याच्या जागी ओळखीचा शब्द येऊन बसे. पुढचा लेखनिक ती चूक इमानाने उतरून घेई आणि वर आपली एक भर घाली. ज्ञानेश्वरीच्या प्रती अशा रीतीने इतक्या बिघडल्या की शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, एकनाथांना पैठणास बसून तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. फोटोंचे नेमके असेच होते. बिघाड मुळात थोडा आणि उताऱ्यात फार.

चित्रे पडद्यावर दाखवण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाखाली मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले होते. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्यापुढे धरायची आणि भिंगातून ती पडद्यावर मोठी करून दाखवायची. पण त्यात एक सोय होती. रंगवलेली मूळ काचच दिव्यापुढे उभी राही. प्रेक्षक आणि चित्र यांच्यामध्ये दिवा आणि भिंग याखेरीज कोणी नसे. आज आपला फोटो पडद्यापर्यंत पोहोचेतो त्याच्या निदान चार-पाच नकला झालेल्या असतात आणि त्या झाल्याचा कोणाला पत्ताही नसतो.

या नकला समजून घ्यायच्या तर आधी फोटो कशाचा बनतो ते पाहिले पाहिजे. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा फार लांब जायला नको. अंगणातली ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. डिजिटल फोटो म्हणजे ठिपक्यांचीच रांगोळी. मात्र ठिपके जोडणाऱ्या रेषा नाहीत. नुसते ठिपके, प्रत्येक ठिपक्यात एकच रंग. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. ठिपके जितके जास्त आणि दाट, तितकी नक्षी बारीक काढता येते.

अशी पहिली रांगोळी १९५७ साली अमेरिकेत निघाली. तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रसेल किर्श नावाचे शास्त्रज्ञ होते. कागदावरचा फोटो संगणकाला कसा दाखवावा याची खटपट त्यांनी केली आणि त्यासाठी फोटो निवडला तो आपल्या तीन महिन्यांच्या तान्ह्या मुलाचा! आडवे १७६ आणि उभे १७६, म्हणजे सगळे मिळून ३०,९७६ ठिपके. तेवढ्यात ते बाळ ओळखू येते. म्हणजे या सगळ्या विद्येचा श्रीगणेशाच मुळी घरच्या अल्बमने झाला, म्हणायला हरकत नाही.

आज आपल्या खिशातला साधा फोन १ कोटी २० लाख ठिपक्यांचा फोटो काढतो. आडवे ४००० आणि उभे ३०००. पण ज्याला 'फुल एचडी' म्हणतात त्या चित्रफितीच्या चौकटीत आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० एवढेच ठिपके मावतात. त्यातही एक खोच आहे. चित्रफीत लांबट असते, फोटो तितका लांबट नसतो. आजीचा उभा फोटो त्या चौकटीत पुरता बसवला तर त्याच्या वाट्याला ८१० गुणिले १०८०, म्हणजे पावणेनऊ लाख ठिपके येतात. मुळातल्या चौदा ठिपक्यांमागे जेमतेम एक! बाकीची जागा काळी राहते. अंगणभर काढलेली रांगोळी उंबरठ्यावर काढायची झाली तर जसे होईल तसे.

हे ऐकून घाबरायचे कारण नाही. पावणेनऊ लाख ठिपक्यांत आजी उत्तम दिसते. किर्शच्या बाळाला तर तीस हजारही पुरले. म्हणून तात्पर्य उलटे आहे. चित्रफितीला लागतात त्याहून कितीतरी अधिक ठिपके आपल्यापाशी असतात. तरीही चित्र धुरकट येते, ते ठिपके कमी म्हणून नव्हे. ते वाटेत सांडले म्हणून. कोठे कोठे सांडतात ते क्रमाने पाहू.

पहिली सांड फोटो काढतानाच होते आणि तिचा उपाय इतका साधा आहे की कोणी करीत नाही. फोन दिवसभर खिशात, पिशवीत, ओट्यावर असतो. त्याच्या भिंगावर बोटांचे तेल बसते, पिठाचा हात लागतो, फराळाच्या दिवसांत तर विचारूच नका. दिव्यांभोवती धुक्यासारखे वलय दिसले की खुशाल समजा, भिंग पुसायचे राहिले आहे. चष्मा पुसायचा मऊ सुती रुमाल भिंगावरून फिरवा आणि मग फोटो काढा. मूळ फोटोच हललेला असेल तर त्यावर पुढे कसलेही औषध नाही. एकाच प्रसंगाचे चार फोटो असतील तर मोठे करून पाहा, डोळ्यांच्या पापण्या ज्यात स्पष्ट दिसतात तो ठेवा.

दुसरी सांड सर्वांत मोठी आणि सर्वांत प्रेमळ. समारंभ ठरला की घरच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप जातो, 'आपापल्याकडचे जुने फोटो पाठवा.' काकू पाठवते, मावशी पाठवते, अमेरिकेतला चुलतभाऊ रात्री दोनला पाठवतो. भाचा ते सगळे गोळा करतो आणि कामाला लागतो. पण नेहमीच्या रीतीने पाठवलेला फोटो तिथून जाताना आकसतो. त्याची लांब बाजू ४००० ठिपक्यांची असली तर ती साधारण १६०० च्या आसपास येते. १ कोटी २० लाखांतले उरतात सुमारे १९ लाख. २०२३ पासून तिथे 'एचडी' असा पर्याय आला आहे. त्यात फोटो मोठा जातो, पण तोही मूळ नव्हे.

कोणी म्हणेल, चौकटीत मावतात नऊ-पंधरा लाख, मग एकोणीस लाख पुरेसे नाहीत काय? फोटो आहे तसा, स्थिर दाखवायचा असेल तर बव्हंशी पुरतील. पण घरच्या चित्रफितीत असे कधीच होत नाही. आजोबांचा एकट्याचा फोटो नसतोच. ते असतात कोणाच्या तरी लग्नातल्या वीस जणांच्या फोटोत, मागच्या रांगेत, डावीकडून चौथे. त्यांचा चेहरा कापून मोठा करायचा असतो. मूळ फोटोत तो चेहरा ३०० ठिपके रुंद असेल तर आकसलेल्या प्रतीत तो १२० उरतो आणि तो पडद्यावर ६०० ठिपके रुंद करायचा म्हणजे एका ठिपक्याचे आडवे पाच करायचे! यंत्र ते करते. पण नसलेली माहिती ते आणणार कोठून? ते शेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत कालवून मधली जागा भरते. वरणात पाणी वाढवले म्हणून डाळ वाढत नाही.

उपाय सोपा आहे. त्याच व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडून पाठवता येतो. तसा पाठवला की तो मूळ रूपात जसाच्या तसा जातो. पेन ड्राइव्हवर आणा, ई-मेलने मागवा, ड्राइव्हवर ठेवायला सांगा. काहीही करा, पण गटावर आलेला फोटो ही नक्कल आहे हे विसरू नका. स्क्रीनशॉट काढून घेतलेला फोटो ही तर नकलेची नक्कल. पोथीच्या भाषेत, तो वाचून दाखवताना कोणीतरी ऐकून लिहिलेला उतारा आहे.

तिसरी सांड थोडी गणिती आहे, पण तिच्यात आपल्या मंडळींचा हात आहे म्हणून सांगतो. कोट्यवधी ठिपक्यांचे रंग जसेच्या तसे साठवायचे तर जागा फार लागते. म्हणून फोटो आवळून ठेवतात. बंगळूरात जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ साली अमेरिकेत एक गणिती युक्ती प्रसिद्ध केली. १९९२ साली मान्य झालेली फोटो साठवण्याची 'जेपेग' पद्धत तिच्यावर उभी आहे आणि आपल्या नेहमीच्या चित्रफितींच्या पद्धतीही तिच्याच वंशातल्या आहेत. जेपेगमध्ये फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात ठळक काय व बारीक काय याची वेगवेगळी मोजणी करायची. मग ठळक ते नीट राखायचे आणि बारीक ते, डोळ्याला कळणार नाही इतपत, सोडून द्यायचे. युक्ती अशी बिनतोड की तिच्याविना आज एकही फोटो इकडचा तिकडे जाता ना.

पण 'बारीक ते सोडून द्यायचे' म्हणजे काय सोडायचे हो? आईच्या पैठणीच्या काठावरची जर, कपाळावरच्या बटा, बाबांच्या चष्म्याची कडा, दारावरच्या पाटीची अक्षरे. हे एकदा सोडले तर डोळ्याला कळत नाही. पण फोटो उघडला, थोडा उजळला, साठवला. पुन्हा उघडला, तिरपा होता तो सरळ केला, साठवला. पुन्हा उघडून कडा कापल्या, साठवला. असे चार वेळा केले की दर वेळी थोडे थोडे सुटत जाते आणि शेवटी चेहऱ्याभोवती डासांचे थवे घोंगावल्यासारखे ठिपके दिसू लागतात. म्हणून जे काय कापायचे, उजळायचे, सरळ करायचे ते एका बैठकीत करा आणि एकदाच साठवा. तेही वेगळ्या नावाने. मुळाला हात लावू नका.

आता चित्रफीत बांधण्याची वेळ. इथे भाच्यांच्या रसिकतेला बहर येतो. फोटो येतो तो गिरकी घेत येतो, जातो तो पानासारखा उलटत जातो आणि असतो तेवढा वेळ वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत असतात. सौंदर्यदृष्टीविषयी मला बोलायचे नाही. ज्याची त्याची आवड. पण पाकळ्यांचा हिशेब ऐका. चित्रफितीत दर सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे असतात आणि ती आवळताना यंत्राला दर सेकंदाला खर्चायला ठरावीक माहिती मिळते. यूट्यूबची फुल एचडीसाठी शिफारस सेकंदाला ८ मेगाबिटची आहे. फोटो स्थिर असला तर यंत्र पहिल्या चित्रात तो नीट लिहून घेते आणि पुढच्या चित्रांना नुसते 'वरीलप्रमाणे' म्हणते. वाचलेला खर्च चेहऱ्याच्या कामी येतो. पाकळ्या पडू लागल्या की दर चित्रात प्रत्येक पाकळीची नवी जागा लिहावी लागते. सगळी पुंजी पाकळ्यांवर उधळली जाते आणि आजीच्या वाट्याला उरलेसुरले येते. लग्नात मांडवावर इतके खर्चायचे की जेवणात हात आखडावा लागतो, त्यातलाच प्रकार.

फोटोवरून हळूहळू सरकत जवळ जाण्याची रीत मात्र जुनी आणि खानदानी आहे. कॅनडातल्या 'सिटी ऑफ गोल्ड' या १९५७ च्या लघुपटात जुन्या फोटोंवरून कॅमेरा असा फिरला आहे आणि केन बर्न्स यांच्या १९९० च्या 'द सिव्हिल वॉर' या मालिकेनंतर तर ही रीत त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. ती जरूर वापरावी, पण ऐपत पाहून. शेवटी पडद्यावर फोटोचा निम्मा भाग भरायचा असेल तर त्या निम्म्या भागातच १९२० ठिपके हवेत, म्हणजे अख्ख्या फोटोत आडवे ३८४०. फोनच्या मूळ फोटोत ४००० असतात. तो दुपटीपर्यंत निभावतो. गटावरून आलेला १६०० चा फोटो स्थिर चौकटीतही काठावर पास असतो, तो कसला निभावणार! आणि उभे फोटो दोन-दोन शेजारी ठेवा. ८१० आणि ८१० मिळून १६२० होतात, १९२० च्या चौकटीत सुखाने बसतात. आजी-आजोबा शेजारी शेजारी दिसतात ते वेगळेच.

चित्रफीत पुरी झाली की यंत्र विचारते, कोणत्या मापात काढू? तिथे ७२० असे आपोआप निवडलेले असेल तर १०८० करा; ७२० च्या चौकटीत जेमतेम सव्वानऊ लाख ठिपके असतात. सेकंदाला १० मेगाबिट ठेवले तर पाच मिनिटांची फीत सुमारे ३७५ मेगाबाइटची होते. ती पेन ड्राइव्हवर घ्या. एवढी तपश्चर्या करून ती पुन्हा गटावरून कार्यालयात पाठवली तर सगळे मुसळ केरात.

शेवटची सांड पडद्यापाशी. कार्यालय ठरवताना आपण ताटांची संख्या विचारतो, पार्किंग विचारतो. प्रोजेक्टर किती ठिपक्यांचा हे विचारीत नाही. १०२४ बाय ७६८ चे जुने प्रोजेक्टर अजून पुष्कळ ठिकाणी आहेत. त्यावर लांबट फीत लावली की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि आजीच्या उभ्या फोटोला उरतात अवघे अडीच लाख ठिपके. आधी कळले तर तीच फीत चार-तीनच्या चौकटीत बांधता येते, मग तेच साडेचार लाखांच्या आसपास जातात. हल्ली मोठ्या कार्यालयांत दिव्यांची भिंत असते. तिथे दोन दिव्यांमधले अंतर ३ मिलिमीटर असले तर बारा फूट रुंदीत साधारण बाराशेच ठिपके बसतात. म्हणून पहिली रांग थोडी मागे ठेवावी. घरच्या टीव्हीवर दाखवायचे तर सेटिंगमध्ये जाऊन चित्र न कापता, न ताणता दाखवण्याचा पर्याय निवडा आणि 'शार्पनेस' नावाचा खटका खाली आणा. त्याने रेखीवता येत नाही. चेहऱ्याच्या कडेला नुसती पांढरी रेघ ओढली जाते.

हे झाले फोनच्या फोटोंचे. पण चित्रफितीचा खरा जीव असतो तो जुन्या, कागदावरच्या फोटोंत. बॉक्स कॅमेऱ्याच्या सवादोन इंची चौकोनी फोटोंचे अल्बम अजून पुष्कळ घरांत आहेत; काळ्या पानांवर चार कोपऱ्यांनी अडकवलेले. त्यांचा फोनने फोटो काढला तर चकाकी येते, हात हलतो, कागद फुगलेला असतो. त्यापेक्षा चांगल्या स्कॅनरवर ठेवा आणि इंचाला १२०० ठिपके सांगा. सवादोन इंचात २७०० ठिपके मिळतात. चौकट भरून वर पुरतात. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० पुष्कळ झाले. धूळ आधी मऊ ब्रशने झटका. काचही पुसा.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे सांगत आलो तिच्याकडे येतो. गेल्या वर्षी आमच्या आत्याचे सहस्रचंद्रदर्शन झाले. चित्रफीत माझ्या पुतण्याने केली. मोठा कष्टाळू मुलगा. त्यात आत्याच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, एक फोटो होता. घरात तिचा तेवढा एकच. चुलतभावाने त्याचा फोनवर काढलेला फोटो गटावर आला होता, अर्थात अंधूक. पुतण्याने तो कृत्रिम बुद्धीच्या एका सॉफ्टवेअरला दिला. त्याने क्षणात जादू केली. पापण्या आल्या, केसाचा केस वेगळा झाला, गाल तुळतुळीत झाले. आम्ही सगळे थक्क झालो. समारंभाच्या आधल्या रात्री फीत आत्याला दाखवली. तो फोटो आला तशी ती म्हणाली,

"थांब. ही कोण बाई?"

"आत्याआजी, तुझी आई!"

"ही नव्हे माझी आई. बाळा, आईच्या गालावर देवीचे वण होते. सहाव्या वर्षी देवी आल्या होत्या तिला. भावंडांतली ती एकटी वाचली."

खोलीत कोणी बोलेना. यंत्राची त्यात काय चूक? त्याने हजारो तरुण, तुकतुकीत चेहरे पाहिले असतील. १९७७ साली आपला देश देवीमुक्त ठरला. त्यानंतर जन्मलेल्यांनी देवीचे वण पाहिले असण्याचा संभव कमी. माझ्या पुतण्यालाही ते डाग वाटले, यंत्रालाही वाटले. दोघांनी मिळून ते पुसले आणि तिथे कोणा परक्या बाईचा गाल बसवला. जुना लेखनिक याहून वेगळे काय करीत होता? न कळलेला शब्द काढून तिथे ओळखीचा शब्द! पदरच्या ओव्या घालणाऱ्यांना नाथांनी खडसावले ते याचसाठी. गळलेले अक्षर निदान गळले आहे असे दिसते. घुसडलेले अक्षर शुद्ध पाठासारखेच दिसते, ही त्यातली खरी भीती.

आणि मला दुसराच विचार छळत राहिला. आजीला पाहिलेली माणसे आता दोनच. एक आत्या, दुसरे पुण्याचे काका, त्यांना आता दिसत नाही. आत्या त्या रात्री झोपली असती तर दुसऱ्या दिवशी दोनशे माणसांनी त्या परक्या बाईला नमस्कार केला असता. आणखी वीस वर्षांनी तीच आमची आजी ठरली असती. मग हा पाठ चुकीचा आहे, हे सांगायला एकनाथ कोठून आणायचा?

आत्याच्याच ट्रंकेत, रेशमी लुगड्याच्या घडीत मूळ फोटो निघाला. सवादोन इंची. पुतण्याने रात्री एक वाजता मित्राकडे जाऊन तो स्कॅन केला. त्यात पापण्या मोजता येत नव्हत्या. एक कोपरा पिवळा पडला होता. पण गालावरचे वण होते, मान किंचित कलती होती आणि फोटो काढणाऱ्यावरचा थोडा राग डोळ्यांत स्पष्ट होता. आत्याने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हां. आता आई आली."

तेव्हापासून रेखीव फोटो कशाला म्हणावे याची माझी व्याख्या पक्की झाली आहे. जितके मुळात होते तितके पडद्यापर्यंत पोहोचले तो रेखीव. त्याहून कमी पोहोचले तर तो धुरकट. त्याहून अधिक पोहोचले तर तो खोटा. अंधूक आजी चालेल. दुसरी आजी चालणार नाही.

म्हणून चित्रफीत हौसेने करा, पण तिला अल्बम समजू नका. चौदातला एक ठिपका ठेवून बाकीचे टाकणारी ती एक कामचलाऊ नक्कल आहे. समारंभ संपला की तिचे काम संपले. जपायचे ते मूळ. फोनमधले मूळ फोटो वर्षातून एकदा काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि त्यातले एक ठिकाण आपल्या घराबाहेरचे, भावाच्या किंवा बहिणीच्या घरी असू द्या. स्कॅन झाले म्हणून कागदी फोटो टाकून देऊ नका. पुढे याहून चांगला स्कॅनर निघेल. आणि फाइलला नाव द्या. यंत्राने दिलेल्या आकडी नावावरून तुमच्या नातवाला काही कळणार नाही. 'आत्याची आई, सोलापूरच्या घरी, गालावर देवीचे वण' एवढे लिहिले तर पुढचा कोणीही भाचा ते डाग समजून पुसणार नाही.

भाऊबीजेला सगळे एकत्र जमालच. जेवणे झाली की पत्ते काढण्याऐवजी एखाद्या वर्षी ट्रंक काढा. घरातल्या सर्वांत वडील माणसाला मध्ये बसवा, एकेक फोटो त्यांच्या हाती द्या आणि त्या काय म्हणतात ते शेजारी बसून लिहून घ्या. ठिपके यंत्र मोजील. नावे आणि वण मात्र त्यांनाच ठाऊक आहेत.